माल्टात अकरा रात्री: एक रिसॉर्ट, एक अतिथीगृह आणि गोझोतील एक जुने घर

माल्टातील हॉटेलांविषयी लिहायचे तर आधी तिथल्या किनाऱ्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण बेळगावहून निघताना आम्ही डोळ्यांपुढे जो समुद्र धरला होता तो चोर्ला घाट उतरल्यावर भेटणारा गोव्याचा, फार तर कारवारचा होता, आणि 'समुद्रकिनाऱ्यावरील रिसॉर्ट' या शब्दांचा अर्थही आम्ही त्याच समुद्रावरून लावला होता. माल्टाचा किनारा बहुतांशी खडकाचा आहे. हॉटेलातून रस्ता ओलांडून खाली उतरले की समोर वाळू येत नाही; सपाट, खाचखळग्यांचा पिवळसर खडक येतो, त्यात ठोकून बसवलेली लोखंडी शिडी असते आणि शिडीची शेवटची पायरी संपते तिथे एकदम पुरुषभर खोल, तळ स्वच्छ दिसणारे पाणी असते. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच असल्याने ही शिडी दिवसाच्या कोणत्याही वेळी तेवढीच पाण्यात राहते, आणि ज्याला पोहता येते त्याच्यासाठी ही व्यवस्था वाळूपेक्षा चांगली आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु ज्याला पोहता येत नाही, ज्याला फक्त घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहायचे आहे, त्याच्यासाठी अशा किनाऱ्यावरचे चार ताऱ्यांचे हॉटेलही निरुपयोगी ठरते. आमच्या पाच जणांत पोहणारे दोघेच होते.

आम्ही पाच म्हणजे मी व पत्नी, निपाणीचे माझे साडू व मेहुणी, आणि बेळगावच्याच शहापुरात राहणारी माझी थोरली बहीण, जिला घरातले सगळेच अक्का म्हणतात. अक्काचे वय एकाहत्तर, गुडघे दुखरे आणि आहार पूर्ण शाकाहारी. अनंत चतुर्दशी उरकून सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईला व तिथून इस्तंबूलमार्गे माल्टाला पोहोचलो. पाच रात्री बेटाच्या उत्तरेकडील एका मोठ्या रिसॉर्टमध्ये, तीन रात्री राजधानी व्हॅलेटातील एका लहान अतिथीगृहात आणि शेवटच्या तीन रात्री शेजारच्या गोझो बेटावरील भाड्याने मिळणाऱ्या एका जुन्या शेतघरात, असा मुक्काम होता. तिन्ही ठिकाणांची नावे मी लिहीत नाही. काही तक्रारी त्या आठवड्यापुरत्या असू शकतात, आणि मला जे सांगायचे आहे ते त्या त्या प्रकारच्या निवासाविषयी आहे. जाण्यापूर्वी जे शेकडो अभिप्राय मी वाचले त्यांत खोटे फारसे काही नव्हते, पण ते लिहिणाऱ्यांच्या गरजा आमच्याहून निराळ्या होत्या, आणि तीच गोष्ट मला वेळेवर उमगली नाही.

आणखी एक चूक नकाशाने करवली. माल्टा, गोझो व कोमिनो मिळून हा देश जेमतेम ३१६ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यापेक्षाही बराच लहान. तेव्हा कुठेही उतरले तरी सगळे हाताशीच राहणार, असा आमचा हिशोब होता. प्रत्यक्षात उत्तरेकडील हॉटेलांच्या पट्ट्यातून व्हॅलेटाला जायला बसने पाऊण ते एक तास लागतो, आणि बस भरलेली असेल तर चालक थांब्यावर हात दाखवूनही थांबत नाही. सकाळी नऊनंतर दोन-दोन बस डोळ्यांदेखत निघून जाताना अक्काला उन्हात उभे ठेवणे आमच्या जिवावर येत असे. शिवाय गावांची नावे. आमचे रिसॉर्ट ज्या गावात होते त्याचे स्पेलिंग पाहून आम्ही 'क्वारा' म्हणत होतो आणि चालकाला काही केल्या कळत नव्हते, कारण माल्टी भाषेत ते अक्षर घशात अडवून सोडतात आणि गावाचे नाव 'आउरा' असे ऐकू येते.

आउराचे हे रिसॉर्ट तीनशेच्या आसपास खोल्यांचे, चार ताऱ्यांचे आहे. नाश्ता व रात्रीचे जेवण धरून दोन माणसांच्या खोलीला रात्रीचे ११८ युरो आम्ही मोजले. विमान सकाळी दहाच्या सुमारास उतरले आणि खोली दुपारी दोनशिवाय मिळणार नव्हती, हा नियम सगळीकडेच असतो. सामान ठेवण्याची खोली, हात-तोंड धुण्याची सोय आणि अक्काला बसायला सावलीतली खुर्ची त्यांनी विनातक्रार दिली, याची नोंद केली पाहिजे. रिसेप्शनवरची मुलगी नेपाळची होती व हिंदीत बोलत होती. स्वयंपाकघरात केरळचे दोघे, खोल्या आवरणाऱ्यांत फिलिपिन्सच्या बायका, असा सगळा कामगारवर्ग दूरदेशीचा. त्यांच्या वागण्यात मला पाचही दिवसांत एक उणा शब्द आढळला नाही.

खोली मात्र निराश करणारी निघाली. बुकिंगच्या वेळी 'बाजूने समुद्रदर्शन' अशा शब्दांत जे विकले गेले होते ते असे: गॅलरीच्या उजव्या कोपऱ्यात कठड्याला पोट टेकवून, मान बाहेर काढून उजवीकडे पाहिले की दोन इमारतींच्या फटीत हाताच्या पंज्याएवढा निळा तुकडा दिसे. समोर, रस्त्याच्या रुंदीइतक्या अंतरावर, एका नव्या इमारतीचे काम चालू होते. सकाळी सातला क्रेन सुरू होई आणि सिमेंटच्या पोकळ विटांच्या चळती पोलादी दोरावरून आमच्या गॅलरीच्या उंचीने जात. गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलवर संध्याकाळपर्यंत राखाडी धुळीचा थर बसलेला असे, तो पत्नी रोज झटकून दाखवी. रिसेप्शनवर विचारले तेव्हा समजले की पर्यटन भागांत १५ जून ते ३० सप्टेंबर या काळात पाडकामाला व खोदकामाला बंदी असते, परंतु मजले चढवण्याचे काम त्या बंदीत येत नाही. म्हणजे हॉटेलला हे बांधकाम कधीपासून चालू आहे व किती दिवस चालणार आहे याची पूर्ण कल्पना होती, आणि तरीही खोली देताना किंवा त्याआधी आलेल्या तीन-तीन ई-मेलांत त्याचा अवाक्षराने उल्लेख नव्हता. आवाजापेक्षा मला हे अधिक लागले. क्रेनला हॉटेल जबाबदार नाही. न सांगण्याला आहे.

तिसऱ्या दिवशी साडूंनी व्यवस्थापकाची गाठ घेतली. साडूंचा सारा जन्म तंबाखूच्या व्यापारात गेल्यामुळे आवाज न चढवता आपले म्हणणे रेटायची त्यांना सवय आहे. तासाभरात आम्हाला सातव्या मजल्यावरच्या, समुद्राकडच्या खोल्या मिळाल्या आणि जादा पैसे मागितले गेले नाहीत. त्या खोल्यांतून सूर्योदय थेट पाण्यातून होताना दिसे. हाच व्यवहार पहिल्या दिवशी झाला असता तर या रिसॉर्टविषयी मी बराच निराळा लेख लिहिला असता.

तिथल्या पोहण्याच्या तलावाबद्दल तक्रारीला जागा नाही. एक मोठा, एक मुलांचा आणि एक गच्चीवर, तिन्ही स्वच्छ, पाण्यात उतरायला कठडा असलेल्या रुंद पायऱ्या, आणि जीवरक्षक दिवसभर हजर. अक्का आयुष्यात पहिल्यांदा तलावाच्या पाण्यात उतरली ती इथेच, आणि नंतर रोज सकाळी तासभर कठडा धरून पाण्यात चालत असे. तिच्या गुडघ्यांना त्याने आराम पडला. मात्र सनबेडचा प्रश्न आहे. सकाळी साडेसहाला लोक खाली येऊन आपापले टॉवेल अंथरून जातात आणि अकरापर्यंत फिरकत नाहीत. 'अर्ध्या तासाहून अधिक काळ जागा अडवू नये' अशी पाटी लावलेली होती, पण तिची अंमलबजावणी करणारा कोणी नव्हता.

या तलावाकाठीच एका इंग्रज जोडप्याशी ओळख झाली. दोघेही सत्तरी ओलांडलेले, आणि याच हॉटेलात गेली कितीतरी वर्षे सप्टेंबरमध्ये न चुकता येणारे. त्यांच्याशी बोलताना मला वाचलेल्या अभिप्रायांचा उलगडा झाला. माल्टा १९६४ पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होता. इंग्रजी तिथे आजही माल्टीच्या बरोबरीने अधिकृत भाषा आहे, गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, भिंतीतले प्लगसुद्धा तीन चौकोनी पिनांचे इंग्रजी धाटणीचे आहेत. त्या आजोबांचे वडील ब्रिटिश नौदलात असताना इथे होते. या जोडप्याला समुद्रदर्शन नको होते, व्हॅलेटा त्यांनी अनेकदा पाहिलेली होती. नाश्त्याला टोमॅटोच्या रश्शातले पांढरे घेवडे, दुपारी ऊन, संध्याकाळी दिवाणखान्यातला बिंगोचा खेळ, रात्री ओळखीचे वाढपी, आणि विमानतळापासून पुन्हा विमानतळापर्यंत कशाचीही काळजी नको, एवढ्यासाठी ते येत होते आणि ते सगळे त्यांना चोख मिळत होते. त्यांनी या हॉटेलला पैकीच्या पैकी गुण दिले असतील तर ते योग्यच आहेत. आमच्या शेजारच्या टेबलावरचे दोन लहान मुलांचे फ्रेंच कुटुंबही तितकेच समाधानी दिसले, कारण त्यांच्या मुलांना तलावातून बाहेर काढणे हेच त्यांचे दिवसभराचे काम होते.

जेवणाविषयी. रात्रीचा बुफे लांबलचक होता, पण शाकाहारी माणसाला त्यात पाच दिवस पास्ता, उकडलेल्या भाज्या, बटाटे आणि कोशिंबिरीची पाने एवढेच मिळाले. मांसाहारी असलेल्या आम्हा चौघांचीही तिसऱ्या दिवसापासून भूक मेली होती, कारण सगळ्या पदार्थांना एकच चव होती. माल्टाचे स्वतःचे अन्न मात्र त्या टेबलावर जवळजवळ नव्हतेच, याचे आश्चर्य आम्हाला हॉटेल सोडल्यावर वाटले. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची व केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या घालून शिजवलेली 'कापुनाता', घेवड्यासारख्या दाण्यांची लसूण घालून वाटलेली 'बिजिल्ला', हे आपल्या जिभेला ताबडतोब पटणारे पदार्थ आहेत आणि दोन्ही शाकाहारी आहेत. केरळच्या त्या दोन आचाऱ्यांनी चौथ्या रात्री अक्कासाठी न सांगता भात आणि मसुराची आमटी केली. ती हॉटेलच्या यादीत नव्हती, त्यांच्या स्वतःच्या जेवणातली होती. अक्काने त्यांना आपल्याजवळच्या शेंगाचटणीची अर्धी पिशवी देऊन टाकली.

चटणीवरून आठवले ते जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. दुधाचे व मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात नेता येत नाहीत, त्यामुळे कुंद्याचा डबा आम्हाला घरीच ठेवावा लागला. कोरड्या चटण्या, बेसन, पोहे यांना अडचण आली नाही.

पाणी ही स्वतंत्र बाब आहे. या बेटांवर बारमाही नदी नाही, तळे नाही. नळाला येणारे निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे पाणी गाळून केलेले असते. ते पिण्यास योग्य आहे, पण बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप तलावाच्या पाण्यावर वाढलेल्या जिभेला त्यात एक मचूळपणा लागतो आणि खोलीतल्या किटलीत चहा केला की तो अधिकच जाणवतो. तिन्ही ठिकाणी आम्ही पिण्यासाठी व चहासाठी बाटल्यांचे पाणी वापरले. पाच माणसांना दिवसाला सहा-सात लिटर लागते आणि दुकान दोन गल्ल्या दूर असेल तर ते ओझे उचलावे लागते, म्हणून मुक्कामाच्या जवळ दुकान आहे का हे पाहणे मला आता तलाव आहे का हे पाहण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

व्हॅलेटाचे अतिथीगृह निवडताना मी अधिक सावध होतो. हे शहर १५६५ च्या तुर्की वेढ्यानंतर, १५६६ मध्ये पाया घालून, एका उंच खडकाळ भूशिरावर आखून बांधले गेले. रस्ते काटकोनात आहेत आणि दोन्ही बाजूंना समुद्राकडे तीव्र उतरतात. काही गल्ल्या तर पूर्णपणे पायऱ्यांच्याच आहेत. जुन्या घरांची झालेली अतिथीगृहे तीन-चार मजली, अरुंद आणि बहुधा लिफ्टशिवायची. मी मालकाला अक्काच्या गुडघ्यांविषयी ई-मेल लिहिला. उत्तरात त्याने पहिल्या मजल्यावरची खोली राखून ठेवल्याचे तर कळवलेच, शिवाय रस्त्यापासून त्या खोलीपर्यंत चौदा पायऱ्या आहेत, प्रत्येकीची उंची १८ सेंटिमीटर आहे आणि कठडा डाव्या हाताला आहे असे लिहून जिन्याचे दोन फोटो जोडले. तीनशे खोल्यांच्या रिसॉर्टकडून मला हवी होती ती माहिती अशी होती. इतक्या साध्या प्रामाणिकपणाने माणूस निर्धास्त होतो.

खोल्या लहान होत्या, आमच्या टिळकवाडीच्या घरातल्या देवघराला लागून असलेल्या खोलीएवढ्या, पण छत उंच आणि भिंती हातभर जाड. माल्टाचे जुने घरबांधकाम मधाच्या रंगाच्या चुनखडीचे आहे. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा करवतीने कापता येतो आणि उघड्यावर हवा लागली की वरून कडक होतो, अगदी आपल्या खानापूरकडच्या जांभ्या चिऱ्यासारखा. भिंतीवर हात फिरवला की बोटांना बारीक पीठ लागते. प्रत्येक खोलीला रस्त्यावर काढलेली, हिरव्या रंगाची, चहूबाजूंनी काचा लावलेली लाकडी गॅलरी होती. तिथे तिला 'गल्लरीया' म्हणतात. दोन खुर्च्या मावतील एवढीच. खिडकीची झडप वर सरकवून बसले की खालची गल्ली, समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई आणि गल्लीच्या टोकाला उभी निळी पट्टी म्हणजे समुद्र, असे सगळे दिसे. मेहुणी तीन दिवसांतला बराच वेळ तिथेच बसली आणि आपण काही पाहिले नाही अशी तिला जराही रुखरुख वाटली नाही.

इथे नाश्ता मिळत नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका कॅफेची कुपने देतात. आम्ही दुसऱ्या दिवसापासून कुपने बाजूला ठेवून 'पास्तिझ्झी' खाऊ लागलो. पापुद्र्याच्या होडीसारख्या या पेस्ट्रीत वाटाण्याचे किंवा रिकोटा चीजचे सारण असते, ती सकाळी भट्टीतून गरम निघते आणि एक युरोच्या आत मिळते. वाटाण्याची मागताना 'ताल-पिझेल्ली' म्हणावे. मात्र कडक शाकाहारी माणसाने पिठात चरबी घातली आहे की वनस्पती मार्जरीन, हे प्रत्येक दुकानात विचारावे, कारण दोन्ही पद्धती आहेत. अक्काने विचारल्याशिवाय एकही खाल्ली नाही.

या अतिथीगृहाचे दोष दोन. खालच्या गल्लीतल्या टेबलांवर मध्यरात्रीपर्यंत लोक बसलेले असतात आणि दगडी गल्लीत आवाज घुमतो, त्यामुळे झोप लवकर लागत नाही. दुसरे म्हणजे न्हाणीघर इतके अरुंद की बादली ठेवली तर माणूस मावत नाही. पण सकाळी उठून पाच मिनिटांत सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये, गर्दी होण्यापूर्वी, काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने १६०८ मध्ये रंगवलेल्या अवाढव्य चित्रापुढे उभे राहता येणे, आणि दुपारी बाराला तटावरच्या तोफेचा आवाज अंथरुणावर पडल्यापडल्या ऐकणे, यासाठी मी ते दोष दहा वेळा सोसेन. आउराहून हे सगळे बसने येऊन करायचे म्हणजे निम्मा दिवस वाटेतच जातो.

गोझोला व्हॅलेटाहून वेगवान बोट जाते, पाऊण तासात पोहोचते. मोठी, गाड्या नेणारी फेरी उत्तरेच्या चिरकेव्वा धक्क्यावरून सुटते. तिला पंचवीस मिनिटे लागतात आणि तिचे तिकीट फक्त गोझोहून परतताना काढायचे असते. आमचे घर बेटाच्या पश्चिम टोकाला, आर्ब नावाच्या गावात होते. तीन झोपण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर, अंगण आणि अंगणात चार हात टाकले की संपणारा छोटा तलाव, पाच जणांना मिळून रात्रीचे १९० युरो. माणशी हिशोब केला तर हे आमचे सर्वांत स्वस्त निवासस्थान होते आणि सर्वांत मोठेही.

अशा शेतघराला तिथे 'राझ्झेत' म्हणतात. तळमजल्यावरची मोठी खोली मला अजून डोळ्यांपुढे दिसते. या बेटांवर इमारती लाकडाची झाडे नाहीत, म्हणून छताला तुळया नाहीत. खोलीच्या आडव्या मापात चार दगडी कमानी उभारलेल्या आणि एका कमानीवरून दुसऱ्या कमानीवर दगडाच्याच लांब फरश्या टाकलेल्या. भिंतीत गुरांच्या गव्हाणी तशाच ठेवून त्यांत आता पुस्तके मांडलेली होती. बाहेर बत्तीस अंश असताना आत पंख्याचीही गरज भासली नाही, आणि एसीचे वेगळे पैसे लागणार होते ते वाचले. अंगणाच्या मध्यभागी झाकण घातलेली एक विहीर होती, तिला ते 'बीर' म्हणतात. खडकात खोदलेल्या त्या टाकीत गच्चीवरचे पावसाचे पाणी नळीने उतरते आणि वर्षभर झाडांना पुरते.

घरमालकीण पासष्टीची, गावातच राहणारी. पहिल्या संध्याकाळी ती मेंढीच्या दुधाच्या चीजच्या चार गोल वड्या, एक पाव आणि फड्या निवडुंगाची सोललेली बोंडे घेऊन आली. निवडुंगाची फळे खाण्यासारखी असतात हे आम्हाला ऐकून ठाऊक होते. ती इतकी गोड असतात हे ठाऊक नव्हते. तिच्या बोलण्यात मधूनच ओळखीचे शब्द येत होते. माल्टी ही अरबी कुळातली, रोमन लिपीत लिहिली जाणारी भाषा आहे. वर्षाला ती 'सेना' म्हणाली, जगाला 'दिनिया', पुस्तकाला 'क्तीब', आणि आम्ही सन, दुनिया, किताब असे आमचे शब्द पुढे ठेवत गेलो. दोन भाषांत रोजचा व्यवहार करणाऱ्या बेळगावच्या माणसाला असा खेळ नवा नाही. तरी इतक्या दूर आपले शब्द भेटल्याने अक्का फार हरखली. दुसऱ्या दिवशी तिने पिठले-भात केला, बेसन बेळगावचे, कांदे-टोमॅटो आर्बच्या भाजीवाल्याचे, आणि मालकिणीला जेवायला बोलावले.

दोष इथेही आहेत आणि ते आधी कळलेले बरे. सप्टेंबरपासून पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि पहाटे शेतांतून बंदुकीचे बार ऐकू येतात. पहिल्या पहाटे आम्ही सगळे दचकून जागे झालो. मालकिणीने मात्र आदल्या संध्याकाळीच हे सांगितले होते, आम्हीच ते विसरलो होतो. अंगणातल्या तलावाला जीवरक्षक नसतो, कठडाही नसतो, तेव्हा लहान मुले बरोबर असतील तर विचार करावा. आर्बहून बस कमी आहेत, गाडी हवीच. साडूंनी बेळगावच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला होता आणि डाव्या बाजूची वाहतूक असल्याने त्यांना गाडी चालवणे अवघड गेले नाही, पण गावांतले रस्ते दोन भिंतींमधून जातात आणि आरसे मिटून घ्यावे लागतात. वाळूत पाय बुडवायची अक्काची इच्छा याच गाडीने पूर्ण झाली: रामला या तांबूस वाळूच्या किनाऱ्यावर ती अर्धा तास घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती.

द्वेयरा हे समुद्रकाठचे ठिकाण आर्बहून दहा मिनिटांवर आहे. समुद्रातली जी प्रचंड दगडी कमान जुन्या पोस्टरांवर सर्वत्र दिसते ती तिथलीच. ती ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली. आउराच्या रिसॉर्टमध्ये सहलींच्या माहितीपत्रकावर तिचे चित्र अजूनही छापलेले होते आणि त्याच चित्रावरून दोन जर्मन बायकांनी तिथली सहल घेतल्याचे मी ऐकले. जागा आजही पाहण्यासारखी आहे, परंतु जे राहिलेले नाही त्याचे चित्र दाखवून पैसे घेऊ नयेत.

खर्चाचे दोन-तीन बारकावे. आम्ही गेलो तेव्हा अठरा वर्षांवरील प्रत्येकाकडून रात्रीला अर्धा युरो पर्यावरण-शुल्क घेत असत, ते आमच्याकडून तिन्ही ठिकाणी वेगवेगळे आणि खोलीभाड्याखेरीज घेतले गेले. तिजोरीचे भाडे रिसॉर्टने वेगळे लावले, इतर दोघांनी नाही. गोझोच्या घरासाठी २०० युरो अनामत ठेवावी लागली, ती आम्ही निघण्यापूर्वी मालकिणीने स्वतः मोजून परत केली. व्हिसासाठी राहण्याच्या जागांचे पुरावे द्यावे लागतात, त्यावर प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचे नाव पासपोर्टप्रमाणे असल्याची खात्री करावी; रिसॉर्टच्या पहिल्या कागदावर फक्त माझे नाव होते आणि दुरुस्त कागद मिळायला नऊ दिवस लागले.

पुन्हा गेलो तर मी व्हॅलेटात चार रात्री व गोझोत सहा रात्री काढीन. लहान मुले असलेल्या कुटुंबाला किंवा फक्त विश्रांतीसाठी जाणाऱ्याला मी मोठे रिसॉर्ट सुचवीन, पण ते आउराकडचे नव्हे, मेल्लीहाच्या उपसागराकाठचे, कारण तिथे वाळूचा लांब, उथळ किनारा आहे. आम्ही तो बसमधून पाहिला आणि तिथेच का उतरलो नाही म्हणून हळहळलो.

परत आल्यावर आउराच्या त्या रिसॉर्टला मी सविस्तर पत्र पाठवले. आठव्या दिवशी उत्तर आले. त्यात त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, समोरचे बांधकाम पुढील काही महिने चालणार असल्याचे मान्य केले आणि बुकिंगच्या पानावर तशी सूचना देऊ असे लिहिले. काल रात्री मी ते पान उघडून पाहिले. रस्त्याकडच्या खोल्या अजून 'बाजूने समुद्रदर्शन' म्हणूनच विकल्या जात आहेत आणि बांधकामाची सूचना कुठेही नाही. म्हणून जे कोणी तिकडे जाणार असतील त्यांनी तूर्त पाचव्या मजल्याच्या वरची, समुद्राकडची खोली लेखी मागून घ्यावी, आणि लेखी होकार आल्याशिवाय पैसे भरू नयेत.